झरोक्याचा पँथर

१२ मे २००३, सोमवार

उपसा सुरू झाला! नव्या रस्त्यासाठी जुनी मातीची खाण कोरडी करणार आहेत. त्या पाण्याखाली अठ्ठावन्न वर्षं, महायुद्ध संपत आल्यापासून, डीडरिश वोलर्सचा रणगाडा बसलाय, जर्मन सैन्याचा पँथर. ‘इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून मीच चालवत नेला आणि खाणीत घातला’ — बिअरच्या प्रत्येक बाकावर सांगून झालंय त्याचं. लोक पाठ थोपटतात.

ज्या संध्याकाळी त्याने तो बुडवला, त्याच दिवशी सकाळी आपल्याच सैन्याच्या एका पँथरने आमचं घर उडवलं. आई आत होती. तिने शरणागतीची खूण म्हणून खिडकीला पांढरी चादर बांधली होती, एवढाच गुन्हा. मी सात वर्षांची, समोरच्या चरात लपलेली. रणगाड्याच्या पुढच्या पोलादात एक उघडा झरोका, आणि झरोक्यात दोन डोळे. ते माझ्याकडे बघत होते.

सकाळी पँथर, संध्याकाळी पँथर. लहानशा गावात आणखी कुणाचा असणार? पण पुरावा नव्हता. राग मात्र आंबवायच्या कोबीसारखा वर दगड ठेवून दाबला. असा ठेवला की नासत नाही.

२० मे

शेजारची अल्मुट कॉफीला आली. टेबलावर माझे प्लास्टिकचे तीन पँथर. म्हणाली, “लोकांच्या घरी साखरदाणी असते गं. तू फौज मांडून बसलीस.”

तिला समजावलं. पँथरच्या तीन आवृत्त्या: आधी डी निघाला, मग ए, मग जी. ती म्हणे, नाव ठेवणारा शाळेत गेला होता की नाही! सगळेच इथे फसतात, ए म्हणजे पहिला असं धरून चालतात. मीही फसले होते. बेकरीत पाव भाजता भाजता, वाचनालयातली पुस्तकं पिठाच्या हातांनी उलटत शिकले. डी आणि ए, दोघांना चालकासमोर झरोका. जीला नाही — पुढचा पत्रा सलग, चालक छतातल्या आरशातून बघतो. मला एवढाच फरक हवा होता.

“आणि झरोका निघाला तर?” अल्मुटने विचारलं.

चौदा जूनला नेमबाजी मंडळाचा उत्सव आहे. वोलर्सला पन्नास वर्षांच्या सभासदत्वाचं पदक मिळणार. बँड थांबला की मी उभी राहणार. एवढं सांगून तिला केक वाढला. तिने खाल्ला नाही.

२२ मे

दारात पांढऱ्या शतावरीच्या कोंबांची जुडी. दर वर्षी ठेवतो मेला वोलर्स. दर वर्षी मी कोंबड्यांना घालते. त्याही तोंड लावत नाहीत.

३ जून

रणगाड्याचा तोफेचा बुरूज चिखलाबाहेर आला! वरचा घुमट उभ्या डब्यासारखा. ए आणि जीचा घुमट असा नसतो. डी आहे, डी!

पुरुषांच्या घोळक्यात एकटीच खदखदून हसले. वोलर्स लांब सायकल धरून उभा होता. त्याने मान खाली घालेपर्यंत मी नजर काढली नाही.

४ जून

निळ्या झग्याला इस्त्री केली. बोलायची वाक्यं पाठ केली. चार पुरेत.

६ जून

आज पुढचा भाग धुतला.

झरोका नाही.

हात फिरवून पाहिला. सलग पोलाद, जोड नाही, बुजवल्याची खूण नाही. बाजूचा खालचा काठही मागेपर्यंत सरळ उतरत गेलेला, पायरी नाही. धड जीचं. दुरुस्तीच्या कारखान्यात त्यावर जुन्या डीचा बुरूज चढवलेला. म्हाताऱ्याची टोपी तरण्याच्या डोक्यावर!

सुरुंग काढणाऱ्या पथकाचा मुकादम हान्नो फळ्यावर खडू टेकवून उभा. “डीच लिहू ना, हार्म्सबाई? घुमट तर त्याचाच. तुम्ही म्हणाल ते.”

वोलर्स ऐकत होता. सगळेच ऐकत होते. झरोका आतून बुजवलाय म्हटलं असतं, तरी खपलं असतं. कोण तपासणार? जिभेवर आलंच होतं. पण आईचा खून खोट्या पत्र्यावर डकवायचा?

“जी,” म्हणाले. “बुरूज उसना आहे.”

घरी येऊन काही खाल्लं नाही.

९ जून

म्हणजे तो नव्हता. मग इतकी वर्षं मी कुणाला शिव्या दिल्या? आणि आता कुणाला देऊ?

१४ जून

निळा झगा घालून गेलेच. बँड थांबल्यावर उभी राहिले. चारऐवजी दोनच वाक्यं बोलले — डीडरिश, इतकी वर्षं तुला माझ्या आईचा मारेकरी समजले. तुझ्या गाडीला झरोका नाही, मला क्षमा कर.

टाळ्या! कुणी डोळे पुसले. अल्मुटने माझा हात दाबला. तो मात्र पदक मुठीत धरून तसाच उभा राहिला. कुणी भरलेला ग्लास पुढे केला, तोही घेतला नाही.

१५ जून, रविवार

चर्चच्या घंटेआधी वोलर्स दारात.

“संध्याकाळी मी या गाडीत होतो, गेझिना. सकाळी दुसरीत. ती दुपारी नदीपाशी जळाली. झरोका तिला होता.” मग म्हणाला, “चादर लावलीय हे वर कमांडरला मीच ओरडून सांगितलं.”

अजून अंगणात उभा आहे. मी आत येऊन हे लिहितेय.