दातेरी चाकावरचा लाल ठिपका

अण्णा,

ती लाल गाडी परत आपल्या शेडमध्ये आली. दोन दारांची, दिवे बंद केले की डोळे मिटणारी. मी सातवीत असताना तुम्ही महिनाभर ठेवून घेतली होती आणि आई विचारायची, हिचंही ताट वाढू का. आता मालक दुसरे आहेत, वाकडला राहतात. त्यांची मुलगी कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं, ते तुम्ही गेल्यानंतरचं. तुम्ही असता तर जमलं नसतं. ती म्हणाली, "बाबांना सांगितलंय मी, ही गाडी तूच करशील." मग ही गाडी आधी माझ्या वडिलांनी केलीय, हे मी मध्ये आणलंच नाही. मला तिच्यासमोर एकट्यानं करून दाखवायचं होतं.

गाडी चालू व्हायची, पण पाय दाबला की गचके खायची. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारी ती चपटी डबी आठवते ना? आत कार्बनची पट्टी, तिच्यावरून फिरणारा बारीक काटा. एवढी वर्षं एकाच जागी घासून पट्टीला चर पडला होता. मालकांनी नवी पट्टी आणि काटा परदेशातून मागवला. काम अर्ध्या दिवसाचं. शेजारी स्प्रिंगचा ताण धरून ठेवणारं दातेरी चाक असतं, त्याला हात लावायचं काही कारणच नव्हतं.

मला लहानपणचं आठवतं. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यावर आईचा मिक्सर उघडायला बसलायत. मी घाईनं नट फिरवायला जातो, तुम्ही हातातून पाना काढून घेता. "खूण केलीस का?" लक्षात राहील की, मी म्हणतो. "ऱ्हाईल? परवा दुपारी काय खाल्लं ते सांग." मग तुम्ही आईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका झाकणावर ठेवता, एक खालच्या भांड्यावर. आई मागून म्हणते, "जन्मात दोनदा बाटली आणली माझ्यासाठी, दोन्ही गॅरेजात गेल्या." तुम्ही हसता, पण पाना मला परत देत नाही. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, एवढा राग आला होता.

गुरुवारी डबी उघडली. आत काळी भुकटी साचलेली, म्हणून आधी स्प्रे मारून जुन्या टूथब्रशनं सगळं घासलं, फडक्यानं पुसून काढलं. चाकावर आणि शेजारच्या पत्र्यावर लाल ठिपका दिसला होता. मला वाटलं, गाडीचाच रंग उडालाय. तोही घासला. पट्टी बदलली, काटा बसवला, आणि तेवढ्यात तिचा मेसेज आला. 'रविवारी साखरपुडा आहे. बाबा मला हॉलवर आपल्या लाल गाडीतूनच नेणार. होईल ना?' मी 'होईल' लिहिलं आणि फोन बाकावर आपटला. चाक जरा घट्ट वाटत होतं, की मलाच कशाशी तरी झोंबायचं होतं, माहीत नाही. स्क्रूड्रायव्हरनं चाक अडवून धरणारी तार उचकटली आणि चाक टर्रकन फिरून सैल झालं. कुठल्या दातावर होतं ते बघायला वाकलो तर काहीच नाही. फडक्यावर मात्र फिकट लाल डाग.

दोन दिवस मी एकेक दात पुढंमागं करत बसलो. इकडे सरकवलं की काळा धूर, तिकडे सरकवलं की खोकून बंद. महाळुंग्याच्या गाड्यांच्या कंपनीतला मित्र म्हणाला, "स्कॅनर लाव ना भावा." लावू कुठं, तुझ्या कानात? या गाडीला कॉम्प्युटर जोडायची जागाच नाही. समोरच्या रस्त्यानं नव्या गाड्या भरलेले ट्रेलर दिवसभर जात होते, आणि एका चाकाचा एक दात मला सांगेल असं कारखान्यांच्या या सगळ्या पट्ट्यात कोणी नव्हतं. होतं ते माणूस, तुमचा तो नेलपॉलिशचा ठिपका, मी ब्रशनं घासून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी दोघं आले. ती हाताला मेंदी लावून आलेली, बोटं लांब धरून उभी. मालकांनी विचारलं, "काय रे, काय झालं?" आणि मी म्हणालो, "आधीच्या मिस्त्रीनं वाट लावलीय. नको तिथं हात घातलाय." वाक्य तयार असल्यासारखं बाहेर आलं. मालक म्हणाले, "तरीच. असले अडाणी लोक गाडी उघडतात." मी मान हलवली, अण्णा. भिंतीवर तुमचे पाने लटकत होते त्यांच्याकडे पाठ करून मान हलवली. ती म्हणाली, "जाऊ दे रे. तुझी काय चूक यात? आम्ही दुसरी गाडी बघू." गाडी अजून इथंच आहे. तिचा साखरपुडा होऊन आठवडा झाला.

हे कागद तुमच्या पेटीत, पान्यांच्या ट्रेखाली ठेवतोय. उद्या मालकांना फोन करून खरं सांगेन असं लिहिणार होतो, पण तसं रोजच ठरवतो. एक मात्र खरं सांगतो. माझी चूक नाही असं ती म्हणाली तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, आणि तेवढ्या वेळापुरतं मला बरं वाटलं होतं.