निळ्या काचेतून शनी

शनि., १८ नोव्हें.
डोंगरावरच्या वेधशाळेत महिन्याचं आकाशदर्शन. लोकांना दाखवायला माझ्याकडे लहान दुर्बीण. हाताने सरकवत राहावी लागते, नाहीतर ग्रह निसटतो. या वेळी बाबांना नेलं. डावा डोळा काचबिंदूने गेलाच, उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. म्हणून घाई.
गाडीतून उतरून नुसते उभे राहिले. "एवढं काळं आभाळ कधी पाह्यलंच नाही वो बाई." खरंय. आमच्या रुआबांध्याला डोक्यावर पोलादाच्या प्लांटची तांबूस झाक असतेच.
नंबर आला तशी खिशातून निळी काच काढली. प्लांटवर भट्टीत डोकावायची ती. जन्मभराची सवय, उजेडात उघड्या डोळ्याने पाहायचं नाही. काच डोळ्याला लावूनच दुर्बिणीवर वाकले. "दिसला. कड्यासकट." मागे रांग. काच काढा, असं म्हणायचं राहिलं.

रवि., १९
शेजारच्या काकू : "शनीच्या नजरेले नजर देऊन आले का भाऊजी? आता तेल वाहा."
बाबा : "त्यानंच मान खाली घातली."
संध्याकाळी गच्चीवरून त्या काचेतून गुरू पाहिला. एवढा ठळक गुरू, पण नुसता अंधार. शनी तर त्याहून फिका. म्हणजे बाबा माझं मन राखायला...? काचेतून शनी दिसत नाही हे सांगावं तर 'दिसला' म्हणून गल्लीभर सांगून झालंय त्यांचं. न सांगावं तर डोळा थांबणार नाही.

मंगळ., २१
नाही सांगितलं. त्यांचा मान जपतेय, की तिथे गप्प राहिल्याची माझी लाज?

शनि., ९ डिसें.
पुन्हा वर. रांगेत हळूच म्हटलं, "बाबा, आज काचेशिवाय. शनी भट्टीसारखा नाही, थंड आहे."
"कावून? मागच्या टायमाले दिसला नं." पण काच माझ्या हातात दिली.
वाकले ते उठेचनात. मी अंदाजाने दुर्बीण सरकवत राहिले. मागून कोणीतरी, "अंकल, हमको भी देखना है." ढिम्म.
मग, डोळा न काढता : "कडं कुठंच टेकलं नाही वो." जरा थांबून : "कोनं धरून ठेवलं असन?"
इतक्या वर्षांत किती जणांना दाखवलं मी ते कडं. मला हा प्रश्न कधी पडला होता?

शुक्र., १५ डिसें.
सुपेल्याच्या दवाखान्यात बाबांचे डोळे तपासले. उजव्या डोळ्याने तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही वाचता आलं नाही.
मग त्या दिवशी कडं दिसलं कसं? मी अंदाजाने सरकवत होते. बाबांनंतरच्या माणसासाठी दुर्बीण पुन्हा लावावी लागली होती, हे आत्ता आठवतंय. ग्रह केव्हा निसटला, देव जाणे.
बाहेर ऑटोची वाट पाहताना बाबा म्हणाले, "टेकलं नव्हतं नं?"
सांगत होते की विचारत होते, कळलं नाही.
"नाही बाबा. कुठंच नाही."
निळी काच अजून माझ्याच पर्समध्ये. त्यांनी मागितली नाही.