तळपायाचा रिपोर्ट

प्रिय धाकट्या,

तू आत्ता बाहेरून शेवटच्या खिडकीवर जाड कागद चिकटवतो आहेस आणि मी आत दिवा लावून हे लिहितो आहे. भर दुपार आहे. मघाशी डोकावून म्हणालास, दादा, खुर्ची मागे घे, फट राहिलीय. मी घेतली. आता ती भिंतीला टेकली आहे.

पाच महिने मी या खोलीत आहे. दवाखान्यात जायचं तर टोपी, छत्री, लांब बाह्या आणि तू. शेजारीण मला नवरी म्हणते. मी हसून घेतो.

तुला उंचीवर चक्कर यायची, म्हणून बावीस वर्षं मी छपरांवर पत्रे ठोकले आणि तू खाली शेडमध्ये ते कापलेस. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, हा शब्द ऐकल्याबरोबर तू म्हणालास, माझ्या वाटचं ऊन दादाने खाल्लं. दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन इथे आलास. डाग कुठे होता हे तुला ठाऊक आहे, रोज पट्टी तूच बदलतोस. पण तळपायाला ऊन लागेल कसं, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. बावीस वर्षं तो पाय जाड बुटात होता.

सहा आठवड्यांपूर्वी तू औषधं आणायला गेलास तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समजावला. उन्हाने होणाऱ्या बिघाडाच्या खुणा या पेशींत जवळजवळ नाहीत. तळपायाच्या या दुर्मिळ प्रकारात बहुधा असंच असतं. मग कशाने झालं, विचारलं, तर म्हणाल्या, नक्की कोणालाच माहीत नाही. भावाला मात्र सांगा, तो उगाच स्वतःला खातोय. मी मान डोलावली.

आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू गेला असतास.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, भाऊजी, त्यांना तिकडेच ठेवून घ्या, त्यांच्या खुंटीवर आता पोरीचं दप्तर असतं. चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. पोर हल्ली बाबा कधी येणार, असं विचारत नाही म्हणे.

तुला मी इथे कोंडून ठेवलं आहे. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा गप्प बसेन, म्हणून लिहिलं. तुझ्या वाटचं ऊन मी खाल्लं हे खरं, पण हा आजार त्याने झाला नाही. घरी जा.

तुझाच,
दादा

सकाळ. पत्र तू ओट्याजवळ उभ्यानेच वाचलंस, दोनदा. मग एक कप चहा केलास, माझ्यापुढे ठेवलास आणि बॅग घेऊन साडेआठच्या बसने गेलास. पत्र इथेच राहिलं, म्हणून खाली लिहून ठेवतो.