दोन हेल्मेटं

जळगाव,
गुरुवार

प्रिय अक्का,

फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू 'जाऊ दे गं ममता' म्हणून विषय बदलला असतास, आणि मीही तो बदलू दिला असता. तीन वर्षं आपण तेच करतोय. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच, मगच फोन कर. नाही केलास तरी मी समजेन.

तुझी चैताली माझ्याकडे मजेत आहे. कॉलेजात तिला दोन मैत्रिणी मिळाल्यात, माझ्या हातच्या भाकरीला रोज नावं ठेवते आणि तीन खाते. दाजींनी घेऊन दिलेली स्कूटी दारात उभी आहे. दिवसातून दोनदा पुसते. तू म्हणालीस, "हेल्मेट मात्र तूच घेऊन दे, तुला त्यातलं कळतं." तू ते सहज बोललीस की मुद्दाम, हे मला अजून उमगलेलं नाही.

काल कारखान्यातून लवकर सुटले आणि तिला घेऊन बसस्टँडमागच्या सत्तारभाईंच्या दुकानात गेले. पोरगी ठरवूनच आली होती. तिला हाफ पाहिजे, पुढून तोंड उघडं राहतं ते, फिकट निळ्या रंगाचं. मी फुल हेल्मेट तिच्या डोक्यात घातलं तर दोन मिनिटांत काढलं. घामाने कपाळ ओलं झालेलं, चष्म्यावर वाफ. म्हणाली, "मावशी, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत हे घालून मी सिग्नललाच चक्कर येऊन पडेन. शिवाय मागचा हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही. हे घेतलं तर ते हँडललाच लटकेल, बघ." खोटं काहीच बोलत नव्हती. माझ्या पॅकिंग खात्यातल्या निम्म्या पोरांची फुल हेल्मेटं हँडललाच लटकलेली असतात.

मी सत्तारभाईंकडे पाहिलं. म्हटलं, यांनी तरी ठाम सांगावं. त्यांनी दोन्ही हेल्मेटं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "ताई, आयएसआयचा शिक्का दोन्हींनाही आहे. पट्टा नीट लावला तर डोकं दोन्हींत सांभाळलं जातं. हाफमध्ये हवा लागते, पोरं ते डोक्यावर ठेवतात तरी. पण माणूस तोंडावर पडला तर इथं काही नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "विकायला मी दोन्ही विकतो. माझ्या पोरीला मात्र फुल दिलंय. रोज शिव्या देते मला."

चैताली हसली. मी हसू शकले नाही, कारण मला तुझी हनुवटी दिसत होती.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीवर पहूरला मामांकडे जावळाला निघालो होतो आपण. तू आदल्या दिवशी धुळ्याहून आली होतीस. सकाळी नऊची वेळ, ऊन तापायला लागलेलं. रस्त्याचं काम चालू होतं, वळणरस्त्यावर बारीक खडी पसरलेली. मी ब्रेक दाबला आणि गाडी पायाखालून निघून गेली. दोघी एकाच बाजूला, दोघी तोंडावर. मी उठून बसले. माझ्या हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्टीवर बोटभर लांब चर पडला होता, आतली हनुवटी धड. तू उठली नाहीस. तुझं डोकं शाबूत होतं, तू शुद्धीवर होतीस, माझ्याकडे बघत होतीस आणि तोंडातून शब्दाऐवजी रक्त येत होतं. जबडा दोन ठिकाणी, खालचे चार दात. सहा आठवडे तारांनी बांधलेलं तोंड आणि नळीने डाळीचं पाणी. अमळनेरहून आई आली ती तुझ्या उशाशी बसून एकच म्हणत राहायची, "बठ्ठं बरं व्हई जाई, बेटा." सगळं नाही, तरी बरंचसं बरं झालंही. पण खालचा ओठ बधिर राहिला. चहा घेताना तू पदर धरतेस. पहिलीच्या पोरांना तुझे 'प' आणि 'ब' कळेनात म्हणून तू मुख्याध्यापकांकडून पाचवीचा वर्ग मागून घेतलास. बाराखडी शिकवण्यात तुझ्यासारखं कोणी नव्हतं, अक्का. हे मी तुला कधी बोलले नाही.

आणि दवाखान्यात लिहिता येऊ लागल्यावर तू दाजींना पहिली गोष्ट पाटीवर लिहून दाखवलीस: 'हाफ हेल्मेट मीच मागितलं. गरम होत होतं.' तीच गोष्ट मग आईला, सासरच्यांना, चैतालीला. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. मी काही बोलले नाही.

आता जे कोणालाच माहीत नाही ते लिहिते. त्या सकाळी माझ्या खुंटीवर दोन हेल्मेटं होती. तू फुलकडे हात नेला होतास. मी म्हटलं, "ते तुला नाही बसणार, तुझा अंबाडा मोठा." तू हात मागे घेतलास आणि दुसरं घेतलंस. अक्का, ते तुला बसलं असतं. अंबाडा सोडून वेणी घातली असती, एवढंच. लोक म्हणतात, गाडी चालवणाऱ्याने चांगलं हेल्मेट घालावं. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण खरं कारण ते नव्हतं. आधीच्या आठवड्यात त्याच वळणरस्त्यावर, त्याच खडीवर माझी गाडी एकदा घसरली होती. पडले नाही, पाय टेकवून सावरले, पण तेव्हापासून त्या रस्त्याची धास्ती बसली होती. घरी कोणाला सांगितलं नाही, गाडी बंद करतील म्हणून. त्या सकाळी मला माहीत होतं, तिथे पडू शकतो. माहीत असून मी स्वतःचं तोंड झाकलं आणि तुझं उघडं ठेवलं. पुढे असं होईल असं वाटलं नव्हतं, हे खरं आहे. पण भीती मला होती, आणि ती मी तुला सांगितली नाही, हेही तितकंच खरं आहे.

तुला आठवतं का, तू हात मागे घेतलास ते? मला वाटतं आठवतं. तरी तू पाटीवर ते लिहिलंस, आणि मी तीन वर्षं तुझ्या त्या खोट्याच्या आडोशाला राहिले. तसंच राहिलेही असते. पण काल दुकानात चैतालीने ते निळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आईनेसुद्धा हेच पसंत केलं होतं ना? ती म्हणते, ते तिचं नशीब होतं, त्यात हेल्मेटचा काय दोष?" सत्तारभाई माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी पुटपुटले, तिला घेऊन बाहेर आले. हेल्मेट घेतलंच नाही. ती रुसलीय. स्कूटीची किल्ली मी कपाटात कुलूप लावून ठेवलीय आणि कारण विचारलं की कामात आहे म्हणून टाळतेय.

मला वाचवायला तू जे लिहिलंस, ते आता तुझ्या मुलीच्या डोक्यात पक्कं बसलंय. नशीब म्हणून तिने उघडं हेल्मेट निवडावं, हे मला पाहवणार नाही. सगळं कळल्यावर, उकाड्याचा आणि कानांचा विचार करून तिने तेच घेतलं, तर तो तिचा निर्णय. मी मोडता घालणार नाही. पण खोट्यावर नको. रविवारी सकाळी मी तिला समोर बसवून हे सगळं सांगणार आहे, खुंटीपासून खडीपर्यंत. ती मला मावशी म्हणेल की नाही, माहीत नाही. पण तिच्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, तीन वर्षांपूर्वीच. म्हणून हे पत्र. क्षमा मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची तर तुझ्यासमोर येऊन मागेन, तू येऊ दिलंस तर.

तुझीच,
ममता