कडेवर नको

३ जून
आजही तेच! न्हाणीघरापर्यंत न्यायला माझ्या टिल्लीला काकूच हवी. मी हात पुढे केले तर — "तू नको! काकू!" गेल्या वर्षी तिच्या डोक्यातली गाठ काढली तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? आणि ही माझी धाकटी जाऊ पाच वर्षांच्या घोडीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन घरभर मिरवते! मी म्हटलं, "तान्ही आहेस का गं? ये, माझ्या कडेवर ये." घेतली, तर भोकाड पसरलं. जाऊकडे गेली नि गप्प!

५ जून
भांडी विसळता विसळता जाऊ म्हणाली, "ताई, तिचा पाय खरंच दुखतो हो. एकदा दाखवा ना."
मी फणकारले — "तिची आई अजून जिवंत आहे!"
मागच्याच महिन्यात डोक्याचा फोटो स्वच्छ आलाय. लाडावलीये, दुसरं काय? काकूने रोज नवी बाहुली नि नव्या रंगपेन्सिली आणल्यावर कोणीही लाडावेल. उधळी मेली!

८ जून
देवापुढे बसले. मागायची होती टिल्लीची तब्येत. तोंडून निघालं — भावजींची बदली होऊ दे, लांब कुठेतरी.
जीभ चावली. शब्द मागे मात्र घेतले नाहीत.

१२ जून
बदली झाली! महिनाअखेर दोघं निघणार. देवाने ऐकलं. सामान बांधायला मी सगळ्यांच्या पुढे. जाऊ रडत होती. मी वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होते.

१५ जून
टिल्लीला उठताच पाऊल टेकवेना. ह्यांनी उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे हलकेच फाकवले, तर अशी किंचाळली!
"हिला कडेवर कोण घेतं? घेऊ नका."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

१९ जून
डोकं अजूनही स्वच्छ आहे. खुब्याच्या हाडात आलंय. त्या गाठीचाच आजार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्वचित असा हाडात उतरतो. औषधं पुन्हा सुरू. "आशा सोडू नका," म्हणाल्या, पण डोळे कागदावरच.
काकू का हवी होती ते कळलं. मला सांगितलंच होतं की पोरीने, रोज, रडून.

२१ जून
जाऊने शिकवलं. एक हात पाठीला, एक गुडघ्यांखाली, पाय जुळलेले. टिल्ली रडली नाही. माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "आता काकू गेली तरी चालेल."
मी जाऊची बांधलेली ट्रंक सोडायला बसले.