तीन पट्ट्या वर

आई, तुझा पोरगा सध्या परतूर-घनसावंगी भागात सगळ्यात भारी कीबोर्ड वाजवतो. हे दुसऱ्या कुणी सांगितलेलं बरं दिसलं असतं, पण तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझ्यापर्यंत बातमी न्यायला कुणी न्हाई, म्हणून मीच सांगतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, वही टेबलावर आपटली आणि निघून आलो. अप्पा महिनाभर बोलले न्हाईत. तुलाही राग येईल, पण आपला बँड जोरात चाललाय. लग्न, हळद, साखरपुडा. लोकांच्या ओठावर असलेली सिनेमाची गाणी, जशीच्या तशी.

माणसं मात्र टिकत न्हाईत. पहिला गिटारवाला पोलीस भरतीसाठी पळायला लागला आणि पळता पळता बँडच्या बाहेर गेला. दुसरा वाळूजला कंपनीत लागला, तेव्हापासून गिटारचे तुकडे मीच कीबोर्डवर काढतो. जुना गायक ग्रामपंचायतीत निवडून आला. आता माईक सोडत न्हाई, पण गातही न्हाई. टिकलो दोघंच, मी आणि शाळेपासूनचा दोस्त, जो ऑक्टोपॅड वाजवतो. मंग नवीन गायक आला, आणि त्याच्या मागोमाग ती. वाटूरची. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी काळी चारच्या पट्टीत गाते. जमंल का?" मी म्हणालो, "आपल्याला सगळंच जमतं." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष न्हाई, बाकी तुला काय सांगू.

आता कीबोर्डचं एक सांगतो, कारण तुझ्या पेटीला ते नव्हतं. ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. बोटं तीच ठेवायची, आकडा बदलला की आवाज तितक्या पट्ट्या वर किंवा खाली जातो. नव्या गायकासाठी मी ते तीनवर ठेवतो आणि तिच्या गाण्याआधी परत शून्यावर आणतो. वडीगोद्रीच्या हळदीत ते शून्यावर आलं न्हाई. दुपारची वेळ, मांडव भरलेला, आणि ती दोस्ताच्या ताटातली भजी उचलून खात होती, दोघं कशावर तरी खदाखदा हसत होते. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी गाणं सुरू केलं. मुखडा तिनं कसाबसा ओढला. अंतऱ्याला वरच्या जागेवर गेली आणि आवाज फाटला. नवरदेवाचा मामा ओरडला, "काय हो बाई, हळद घशात गेली का?" सगळा मांडव हसला. दोस्तानं मला विचारलं, "काय झालं रे लेका?" मी म्हणालो, "तिची पट्टी चुकली." माझ्यासमोरचा माईक चालू होता. तिनं तिचा माईक स्टँडला लावला, ओढणी सावरली, भावाला फोन केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून बाहेर.

तेव्हापासून मला आपलं कुंभार पिंपळगावचं स्वयंपाकघर दिसतंय. गुरुवारची दुपार आहे. भजनी मंडळाच्या बाया भिंतीला टेकून बसल्यात, तू कणीक मळून हात पदराला पुसतेस आणि पेटी पुढं ओढतेस. शेजारच्या म्हातारीचा आवाज गवळणीत चिरकतो आणि मी दारात उभा राहून हसतो. तू भाता थांबवतेस. "हसू नको. तिचा आवाज न्हाई फाटला, म्याच पट्टी वर धरली." लगेच दोन पट्ट्या उतरून तू पुन्हा सुरू करतेस आणि म्हातारी खुलते. बाया गेल्यावर मी भांडलो होतो, की तू रोजचीच पट्टी धरली होतीस, मंग खोटं का बोललीस? तू पोळ्या लाटत म्हणालीस, "पेटी कुणाच्या हातात होती?" वर न बघता. मला ते तेव्हा बिलकुल पटलं नव्हतं.

पंधरा दिवस तिच्याशिवाय कार्यक्रम केले. बरे झाले, पण नुसते बरे. शेवटी वाटूरला गेलो. दुकानात ती एकटीच होती.

"काय काढायचंय?" जसा काही मी आधार कार्ड घेऊन आल्तो.

"चूक माझी होती. ट्रान्सपोज तीनवर राह्यलं होतं."

"मला कशाला सांगून राह्यला? मला माझी पट्टी माहिती हाय. माईकवर बोलला ना? मंग माईकवरच सांग."

"सगळ्यांसमोर?"

"तवा काय माझ्या कानात बोलला होता?"

डोकं गरम झालं. गाडीला किक मारून फाट्यापर्यंत गेलो. तिथून वळलो, दुकानासमोर गाडी चालूच ठेवून "बरं" म्हणालो आणि पुन्हा निघालो.

पुढचा साखरपुडा आपल्याच गावात होता. ती आली, पण स्टेजच्या खालीच उभी राहिली. मी माईक घेतला आणि सांगितलं, की वडीगोद्रीला यांचा आवाज फाटला त्यात यांचा काही दोष नव्हता, कीबोर्डचं बटण माझ्याकडून राहून गेलं होतं. एक आजी पुढूनच म्हणाली, "असं कबूल करणारा जावई कुठं भेटतो का बघा गं!" मांडव हसला. ती वर आली, माझ्याकडे न बघता माईकची वायर सरळ करत बसली, आणि मग गायली. बटण सुरुवातीपासून शून्यावरच ठेवलं होतं, मी त्याला हात लावला न्हाई. काळी चार बोटांनीच वाजवली. अंतरा असा गेला की मघाची आजी उठून उभी राहिली. ती आता बँडमध्ये परत आहे, पुढचे सगळे कार्यक्रम बराबर ठरलेत, आणि परवा तिनं माझ्या ताटातली भजीसुद्धा उचलली.

पण आई, राहून गेलं नव्हतं. स्क्रीनवरचा तीन मला दिसला होता. तिनं श्वास घ्यायच्या आधी. बोट बटणापाशी गेलं होतं, तेवढ्यात ती दोस्ताकडे बघून पुन्हा हसली, आणि मी बोट मागं घेतलं. हे तिला लिहून द्यायचं म्हणून बसलो होतो. वर तिचं नाव लिहायची हिंमत झाली न्हाई, म्हणून तुझं लिहिलं.