बाल्बिनोच्या कादंबरीचं दहावं प्रकरण

कायेय, तीन राजांच्या सणाला चार दिवस बाकी

आदरणीय प्रिस्काआक्का,

तुझ्या धाकट्या चुलतबहिणीचा, रुफिनाचा, वाकून नमस्कार. कंबर वाकत नाही, पण भाव वाकलेला आहे असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? सान हुआनच्या दमट हवेत कुरकुरत असतील. माझे कुरकुर सोडून आता उघड भांडायला लागलेत. मी सांगते आणि लिओन्सिओ लिहितो आहे, म्हणजे अक्षर सुंदर आहे आणि चुका त्याच्या. (हेही लिही.) लिओन्सिओ आमच्या चिरुटांच्या कारखान्यातला वाचक. आम्ही बायका खाली मान घालून तंबाखूच्या पानांच्या शिरा काढतो आणि तो उंच खुर्चीवर बसून आम्हाला कादंबऱ्या वाचून दाखवतो. चाळीस वर्षं मी अशी ऐकते आहे. एक अक्षर येत नाही, पण कोणती नायिका कधी खोकायला लागणार ते मला तिच्याआधी कळतं.

आता आपल्या बाल्बिनोचं ऐक. माझ्या या भावाने माझ्याच पुढच्या खोलीत पियानोवर बसून गावाला नाचायला साठ-सत्तर दान्सा रचून दिल्या, लग्नं त्यांच्यावर जुळली, आणि स्वतः मात्र हर्मिनियाला एकोणीस वर्षं वाग्दत्त म्हणून बसवून ठेवलं. "कादंबरी पुरी झाली की लग्न," हा त्याचा शब्द. कादंबरीची तऱ्हा अशी की दान्साच्या सुरुवातीला जोडपी हातात हात घालून दालनात नुसत्या फेऱ्या मारतात ना, नाच मागाहून, तसे त्याचे कप्तान रोसेन्दो आणि अंपारो नऊ प्रकरणं बंदरावर फेऱ्याच मारतात. वारा सुटतो, जहाजं येतात, जातात. नाच काही सुरू होत नाही. इकडे हर्मिनियाला पोन्सेहून भावाचं पत्र आलं, की ये आणि माझं शिवणकामाचं दुकान सांभाळ. तिने कळवलं, तीन राजांच्या सणापर्यंत थांबते, मग येते. पेटी भरून दाराशी ठेवली. तुझी धर्मकन्या ती, तोंडाने काही बोलायची नाही.

नेमकं तेव्हाच कारखान्यात सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की या खेपेस बाल्बिनोचीच कादंबरी वाचायची. लिओन्सिओ नवव्या प्रकरणाच्या टोकाला आला, तर खाली बाल्बिनोने सुरावटीखाली घालतात तशी खूण घातलेली: पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कोणी हसून वही मिटली असती. पण लिओन्सिओ आज्ञाधारक माणूस (फुगू नकोस, ही स्तुती नाही), दुसऱ्या दिवशी त्याने पहिलं प्रकरण उघडलं. कोणीच त्याला अडवलं नाही, आक्का, हेच नवल. डोंगरावरचं धुकं खिडकीतून आत येत होतं, ओल्या पानांचा वास होता, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे सगळं आणखी गोड लागत होतं. मला तर वाटलं, माझा नवरा गेला ती सकाळ आता परत येईल आणि या वेळी मी त्याला कॉफी जरा कडक करून देईन. तिसऱ्या खेपेला बायका वाक्यं आधीच पुटपुटायला लागल्या. असंच चाललं असतं तर आम्ही सगळ्या सुखात मेलो असतो आणि हर्मिनिया पोन्सेला काज-गुंड्या करत बसली असती.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी लिओन्सिओला तुरीचे दाणे घातलेला भात खाऊ घातला आणि दहावं प्रकरण सांगितलं. त्याने ते बाल्बिनोच्याच वहीत, बाल्बिनोच्याच वळणाने उतरवलं. मोठं नाही. कप्तान थांबतो आणि म्हणतो, "अंपारो, फेऱ्या पुरे. माझे पाय दुखतात, आणि तुझेही दुखत असणार, हे मी विचारलंच नाही." मग चर्च, मग जेवण. दुसऱ्या दिवशी ते वाचलं तेव्हा टाळ्यांऐवजी पानं कापायच्या सुऱ्या पाटांवर अशा वाजल्या की मालक धावत आला. बाल्बिनो रोजच्यासारखा खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. रडला.

घरी आल्यावर चमचा हातात धरून म्हणाला, "ताई, हा शेवट मी कधी लिहिला?"

"झोपेत," मी म्हटलं. "बाकीचं काय जागेपणी लिहिलंस?"

त्याला ते पटलं. तसाच उठून हर्मिनियाकडे गेला. ती मला नंतर सांगत होती, तिने एकच विचारलं, "दहावं प्रकरण तुझंच ना?" तो म्हणाला, "वही तर माझीच आहे." खोटं त्याला कधी बोलताच आलं नाही. तिने पेटी उघडून कपडे पुन्हा खुंटीला लावले. लग्न पुढच्या शनिवारी. तू ये. न आलीस तर मी समजेन की गुडघे खरंच गेले.

तुझी
रुफिना
(अंगठा माझा, शाईचा डाग लिओन्सिओचा)

ता. क. सोमवारी आठ माणसं येऊन पियानो हर्मिनियाच्या घरी नेणार. तीस वर्षं त्या धुडाने माझी पुढची खोली अडवली, धड दुपारची झोप म्हणून मिळाली नाही. तिथे मी आता झुलती खुर्ची ठेवणार.

आणखी एक. तू तिची धर्ममाता, तुझा शब्द ती मोडत नाही. तिला लिही, की तुझ्या घराची लाकडी जमीन जुनी, पियानो पेलायची नाही, त्यापेक्षा दोघं रुफिनाकडेच राहा. (सुताराने जमीन पाहिली, ठणठणीत आहे. लिओन्सिओ, हे लिहायचं नव्हतं.) मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. परवा बाल्बिनोने पियानो पुसून झाकून ठेवला, तेव्हापासून पाहते आहे: दुपारी डोळा लागतो, आणि काहीच वाजत नाही म्हणून जाग येते.